रक्ताच्या गुठळीची औषधं: गोळी नव्यानं सुरू झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

एकाच्या चिठ्ठीवर इकोस्प्रिन 75 लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या एसिट्रोम 2, तिसऱ्याच्या रिव्हरॉक्साबॅन 20. औषधाच्या दुकानात तिघंही एकच सांगतात, ‘रक्त पातळ करायची गोळी द्या.’ घरीही तेच सांगितलं जातं आणि पुढचे घोळ तिथूनच सुरू होतात. ‘शेजाऱ्यांची बंद झाली, मग आपलीही बंद करू,’ असं कुणी ठरवतं. दुसऱ्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहिल्यावर कुणी जुनीही चालू ठेवतं. कुणी सगळ्याच पालेभाज्या सोडून देतं, आणि त्याच्या गोळीचा पालेभाजीशी काही संबंधच नसतो.

यातल्या एकाही गोळीनं रक्ताचा घट्टपणा बदलत नाही. बदलतं ते गुठळी होण्याचं काम, आणि प्रत्येक गट ते काम वेगळ्या ठिकाणी अडवतो. आपली गोळी नेमकी कुठे अडवते हे कळलं, की रक्त कधी तपासायचं, जेवणाबरोबर का घ्यायची, दात काढण्याआधी काय विचारायचं, ही सगळी पथ्यं समजून पाळता येतात. हा लेख त्यासाठीच आहे. डोस ठरवणं, बदलणं आणि बंद करणं मात्र तुमच्या डॉक्टरांचंच काम, आणि ते त्यांच्याकडेच राहू द्या.

पायरी 1: गुठळी कशी होते ते आधी बघा

भाजी चिरताना बोट कापलं की दोन कामं एकाच वेळी सुरू होतात.

पहिलं काम प्लेटलेट्सचं. प्लेटलेट्स म्हणजे पेशींचे अगदी बारीक तुकडे, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख. रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की त्याखालचं कोलॅजन उघडं पडतं. प्लेटलेट्स त्याला चिकटतात, फुगतात, आणि थ्रॉम्बॉक्सेन व एडीपी ही रसायनं सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. काही मिनिटांत जखमेवर बूच बसतं, पण ते कच्चं असतं.

दुसरं काम रक्तद्रवातल्या प्रथिनांचं. यांना क्लॉटिंग फॅक्टर म्हणतात. यातली बहुतेक यकृतात तयार होतात आणि क्रमांकांनी ओळखली जातात. एक फॅक्टर जागा झाला की तो पुढच्याला जागं करतो. ही साखळी दहाव्या फॅक्टरपाशी येऊन मिळते. दहावा फॅक्टर प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो, आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे चिवट धागे बनवतं. हे धागे प्लेटलेट्सचं बूच आवळून धरतात आणि गुठळी पक्की होते.

जखम भरत आली की प्लास्मिन नावाचं विकर हे धागे कापतं आणि गुठळी विरघळते. शिवाय साखळी भरकटू नये म्हणून अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी असे ब्रेकही रक्तातच असतात. पुढे येणारं प्रत्येक औषध यातल्याच एखाद्या दुव्याला हात घालतं, म्हणून प्लेटलेट्स, दहावा फॅक्टर, थ्रॉम्बिन, फायब्रिन आणि प्लास्मिन ही पाच नावं लक्षात ठेवा.

पायरी 2: तुमची गुठळी कुठली, ते विचारा

नको तिथे गुठळी का होते, याची तीन कारणं जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांच्या नावानं एकोणिसाव्या शतकापासून शिकवली जातात: वाहिनीच्या भिंतीला इजा, रक्त साचून राहणं, आणि गोठण्याकडे झुकलेलं रक्त. उपचाराची दिशा इथेच ठरते.

हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत चरबीचा थर फुटला, तर तिथे रक्त वेगानं वाहत असतं. अशा ठिकाणी मुख्य काम प्लेटलेट्स करतात. म्हणून हृदयविकाराचा झटका, स्टेंट, आणि धमनीतल्या चरबीमुळे झालेला अर्धांगवायू यांत प्लेटलेट्सना आवरणारी औषधं देतात.

पायाच्या खोल शिरेत रक्त साचतं तेव्हा गोष्ट वेगळी असते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून राहिल्यावर, बाळंतपणानंतर किंवा खूप लांबच्या विमानप्रवासानंतर असं होऊ शकतं. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झालं, की हृदयाच्या वरच्या कप्प्यातही रक्त असंच रेंगाळतं. तिथे फायब्रिनच्या धाग्यांची, लाल पेशी अडकलेली गुठळी होते. ती सुटून पायातून फुप्फुसात किंवा हृदयातून मेंदूत जाऊ शकते. कृत्रिम झडपेवरही असाच धोका असतो. या सगळ्यांना क्लॉटिंग फॅक्टरची साखळी अडवणारी औषधं लागतात, आणि त्यांना अँटिकोॲग्युलंट म्हणतात.

तिसरा गट झालेली गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा. ती घरी घ्यायची नसतात, इस्पितळात शिरेतून देतात.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: गोळी कोणत्या गटातली, कशासाठी, आणि किती दिवस. उत्तरं चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. माझ्या मते रुग्णानं करायच्या कामांत याहून मोलाचं दुसरं नाही.

पायरी 3: प्लेटलेट्सची गोळी असेल तर

ॲस्पिरिन सगळ्यांत जुनं, इकोस्प्रिनमध्ये असतं ते हेच. ते थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं विकर कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती ते विकर पुन्हा बनवू शकत नाही आणि मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, बोलावणं धाडायच्या कामातून बाद होते. म्हणूनच तापाला 300 ते 600 मिलिग्रॅम लागणारं हे औषध इथे रोज 75 मिलिग्रॅमला पुरतं, आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम जायला आठवडा लागतो. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन गटातल्या रसायनांची निर्मिती अडवतं हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर या गोळ्या एडीपीचा निरोप प्लेटलेटपर्यंत पोहोचू देत नाहीत. क्लोपिडोग्रेलला आधी यकृतात रूप बदलावं लागतं. ते बदलणारं विकर काहींमध्ये जन्मतःच कमी असतं, आणि ओमेप्रॅझोलसारखी आम्लपित्ताची गोळी त्यात आणखी अडथळा आणते. म्हणून सोबत बहुधा पँटोप्रॅझोल लिहिलेलं दिसतं. दुकानात ‘तेच आहे’ म्हणून ओमेप्रॅझोल दिलं तर घेऊ नका. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यावी लागते. तिनं काहींना दम लागल्यासारखं वाटतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनानं थांबवू नका.

स्टेंट टाकलेल्यांनी पुढचं नीट वाचा. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट्स तिला परकी वस्तू समजतात. म्हणून साधारण सहा महिने ते वर्षभर ॲस्पिरिन आणि दुसरी एक गोळी, अशा दोन्ही घ्याव्या लागतात. या काळात गोळ्या मधेच सुटल्या तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि त्यात जीव जातो. दात काढायचा आहे, मोतीबिंदू आहे, लग्नाला गावी गेलो आणि गोळ्या संपल्या, यातलं एकही कारण गोळी स्वतःहून थांबवायला पुरेसं नाही. गावी जाताना दहा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या बरोबर घ्या.

निरोगी माणसानं ‘हृदयाला चांगली’ म्हणून रोज ॲस्पिरिन घेऊ नये. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत अशा लोकांना फायदा फारसा झाला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना तापावर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेणं धोक्याचं असतं, कारण त्या आजारात प्लेटलेट्स आधीच घटतात. आधीपासून ही गोळी चालू असलेल्याला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पायरी 4: पोटातलं इंजेक्शन असेल तर

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी 1916 मध्ये गुठळी घडवणाऱ्या पदार्थाचा शोध घेत होता. हाती आला तो गुठळी रोखणारा पदार्थ. त्याच कामातून पुढे हेपॅरिन आलं. ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या ब्रेकला चिकटतं आणि त्याचा जोर सुमारे हजार पटींनी वाढवतं. ब्रेक आधीच हजर असल्यामुळे परिणाम लगेच मिळतो. म्हणून इस्पितळात सुरुवात बहुधा हेपॅरिननंच होते.

घरी देतात ते एनॉक्सापॅरिन, हेपॅरिनचंच लहान तुकड्यांचं रूप. ते मुख्यतः दहाव्या फॅक्टरला अडवतं, आणि त्याला वारंवार रक्ततपासणी लागत नाही. बेंबीपासून पाच सेंटिमीटर दूर, कातडी चिमटीत धरून, सुई सरळ आत घाला. रोज बाजू बदला. भरलेली सिरिंज पूर्ण द्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नका. नंतर जागा चोळू नका, चोळल्यानं काळंनिळं होतं. गरोदरपणात हेच औषध चालतं, कारण ते वारेतून बाळापर्यंत जात नाही.

हेपॅरिन सुरू झाल्यावर पाच ते दहा दिवसांत क्वचित प्लेटलेट्स एकदम खाली येतात आणि उलट गुठळ्या होऊ लागतात. त्यासाठी अधूनमधून प्लेटलेट्स मोजतात. ती तपासणी टाळू नका. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. धर्माच्या किंवा आहाराच्या कारणानं अडचण वाटत असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. फोंडापॅरिनक्स हे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध काही रुग्णांना देता येतं.

पायरी 5: एसिट्रोम किंवा वॉर्फरिन असेल तर

सगळ्यांत जास्त समजून घ्यावं असं हे औषध. त्याची गोष्ट गुरांपासून सुरू होते. 1920 च्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कुरणांत आणि कॅनडात गुरं साध्या जखमेनंही रक्त वाहून मरू लागली. ती स्वीट क्लोव्हर या गवताचा बुरसटलेला चारा खात होती. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन गाडीत घालून, हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं काही वर्षांच्या कष्टानं त्या चाऱ्यातला पदार्थ वेगळा काढला, डायक्युमेरॉल. त्याच कुळातलं वॉर्फरिन 1948 मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही ते दिलं गेलं. भारतात याच गटातलं ॲसेनोक्युमेरॉल, म्हणजे एसिट्रोम, फार वापरतात.

काम असं चालतं. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे फॅक्टर यकृतात तयार होताना त्यांच्यावर शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा वापरण्याजोगं करणारं विकर शरीरात असतं. ही गोळी ते विकर अडवते. त्यामुळे यकृत फॅक्टर बनवतं, पण ते अर्धवट, कामाला न येणारे असतात.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, गोळी आज घेतली म्हणून आज परिणाम होत नाही. आधी तयार झालेले फॅक्टर रक्तात फिरतच असतात. सातवा काही तासांत संपतो, दुसऱ्याला मात्र ओसरायला दिवस लागतात. शिवाय प्रोटीन सी हा ब्रेकही व्हिटॅमिन के वरच चालतो आणि तो लवकर घटतो, त्यामुळे सुरुवातीला गुठळीचा धोका उलट वाढू शकतो. म्हणून नवी गुठळी झालेल्या रुग्णाला निदान पाच दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) दोनच्या वर स्थिर होईपर्यंत गोळीबरोबर हेपॅरिनही देतात. ‘गोळी सुरू आहे, मग इंजेक्शन कशाला?’ असं म्हणून ते मधेच थांबवू नका.

दुसरी, मोजल्याशिवाय चालत नाही. तोच डोस एकाला कमी पडतो, दुसऱ्याला जास्त होतो. प्रोथ्रॉम्बिन टाइम ही तपासणी रक्त गोठायला लागणारा वेळ मोजते, आणि प्रयोगशाळा कोणतीही असली तरी आकडा सारखा यावा म्हणून तो आयएनआरमध्ये देतात. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर एकच्या आसपास असतो. पायातली गुठळी किंवा अनियमित ठोके असतील तर बहुधा 2 ते 3, आणि मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, धातूची झडप असेल तर 2.5 ते 3.5 ठेवतात. तुमचं लक्ष्य कोणतं, ते फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. दोनच्या खाली गेलात तर गुठळीचा धोका, चारच्या वर गेलात तर रक्तस्रावाचा. सुरुवातीला दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, स्थिर झाल्यावर महिन्यानं तपासणी होते. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. एका वहीत तारीख, आयएनआर आणि डोस असे तीन रकाने आखा. तालुक्याच्या ठिकाणी नवे डॉक्टर भेटले तर ही वहीच त्यांना सगळं सांगते.

तिसरी, ताटातला पाला. मेथी, पालक, शेपू, चवळई, अळू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. ते एकदम वाढलं तर गोळीचा जोर कमी पडतो, एकदम थांबलं तर आयएनआर वर चढतो. भाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. आठवड्यातून दोनदा पालेभाजी खात असाल तर तेवढीच चालू ठेवा. श्रावणात अळूचं फदफदं रोज व्हायला लागलं, किंवा नवरात्रात नऊ दिवस फक्त साबुदाणा आणि बटाटा झाला, तर आकडा हलतो. असे दिवस येणार असतील तर आधीच डॉक्टरांना सांगा आणि मधे एकदा तपासा. गुडघेदुखीसाठी किंवा हाडांसाठी मिळणाऱ्या कॅल्शियमच्या काही गोळ्यांत के2-7 घातलेलं असतं. तेही व्हिटॅमिन के च आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती घेऊ नका.

दुसरी औषधंही आकडा हलवतात. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनॅझोल यांनी आयएनआर चढतो. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन तो इतका पाडतं की डोस बराच वाढवावा लागतो, आणि क्षयाचा कोर्स संपल्यावर पुन्हा उतरवावा लागतो. हा दुसरा टप्पा विसरला की रक्तस्राव होतो. काढे, चूर्णं, ‘रक्तशुद्धी’ची औषधं यांत काय असतं ते नेहमी कळत नाही, म्हणून वैद्यांना आपली गोळी दाखवूनच काही घ्या. दारूनंही आकडा वरखाली होतो.

गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्या. संध्याकाळ यासाठी की सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, तर बदललेला डोस त्याच दिवशी घेता येतो. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका, वहीत खूण करा. एसिट्रोम 1, 2, 3, 4 मिलिग्रॅममध्ये मिळते. दुकानातून आणल्यावर पट्टीवरचा आकडा दरवेळी वाचा. 2 च्या जागी 4 आली आणि महिनाभर कळलंच नाही, अशी चूक या औषधात फार महागात पडते.

गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ही गोळी बाळाच्या वाढीत व्यंग निर्माण करू शकते. झडप बदललेल्या मुलीच्या लग्नाचं बघताना ही गोष्ट झाकून ठेवणाऱ्या घरांची मला काळजी वाटते. दिवस राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलणं झालं, तर मार्ग निघतो. पाळी चुकल्यावर एक दिवसही थांबू नका, आणि स्वतःहून गोळी बंदही करू नका, कारण झडपेवर गुठळी झाली तर आईच्याच जिवावर बेतेल.

पायरी 6: नव्या गोळ्या असतील तर

डॅबिगॅट्रान थेट थ्रॉम्बिनला, आणि रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, एडॉक्साबॅन थेट दहाव्या फॅक्टरला अडवतात. मध्ये व्हिटॅमिन के नाही, त्यामुळे पालेभाजीचं पथ्य नाही आणि आयएनआरही नाही. काही तासांत काम सुरू होतं, दिवसाभरात उतरतं. जेनेरिक आल्यापासून किमतीही आवाक्यात आल्या आहेत.

सोय आहे, पण इथे चुकांना माफी कमी. वॉर्फरिनचा एक डोस चुकला तरी परिणाम रेंगाळतो, या गोळ्यांचे दोन डोस चुकले की संरक्षण उरत नाही. रिव्हरॉक्साबॅन 15 आणि 20 मिलिग्रॅम पोटभर जेवणाबरोबरच घ्या, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. उपवासाच्या दिवशी काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून घेऊ नका, आणि ती मूळ पाकिटातच ठेवा, ओलाव्यानं ती खराब होते. पायाच्या गुठळीत सुरुवातीचे दिवस डोस जास्त असतो: रिव्हरॉक्साबॅन 21 दिवस दिवसातून दोनदा 15, मग रोज एकदा 20. अपिक्साबॅन सात दिवस दोनदा 10, मग दोनदा 5. हा बदल कोणत्या तारखेला करायचा ते कॅलेंडरवर लिहा. या गोळ्या कमीजास्त प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतात, डॅबिगॅट्रान सगळ्यांत जास्त. म्हणून वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन तपासावं लागतं, वयस्कांत त्याहून जास्त वेळा.

आणि एक पक्की मर्यादा. धातूची झडप असेल तर या गोळ्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची तशी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापानं झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवरच्या 2022 च्या चाचणीत रिव्हरॉक्साबॅनपेक्षा वॉर्फरिनच्या गटातली जुनी औषधंच सरस ठरली, मृत्यूही त्यांत कमी झाले. हा आजार आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत आहे. तेव्हा ‘आयएनआरची कटकट नको, नवी गोळी द्या’ असा आग्रह झडपेच्या रुग्णानं धरू नये.

पायरी 7: गुठळी विरघळवायची असेल तर घड्याळ बघा

आतापर्यंतची एकही गोळी झालेली गुठळी विरघळवत नाही. ती नवी गुठळी होऊ देत नाही, आहे ती वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीराचं स्वतःचं प्लास्मिन हळूहळू करतं. पायाची सूज उतरायला आठवडे का लागतात, ते यावरून कळेल.

हृदयाकडे किंवा मेंदूकडे तेवढा वेळ नसतो. तिथे प्लास्मिन एकदम जागं करणारी औषधं देतात. स्ट्रेप्टोकायनेज हे स्ट्रेप्टोकॉकस जंतूंपासून मिळणारं, विल्यम टिलेट यांनी 1933 मध्ये वर्णन केलेलं. 15 लाख युनिट साधारण तासाभरात शिरेतून देतात. जंतूचं प्रथिन असल्यानं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून एकदा दिलेल्या रुग्णाला ते पुन्हा देत नाहीत. आधी मिळालं असेल तर फाइल दाखवा. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज माणसाच्याच विकरावरून बनवलेली आहेत आणि मुख्यतः फायब्रिनच्या धाग्यांवर बसून काम करतात. टेनेक्टेप्लेज वजन बघून एकाच झटक्यात देता येतं. पुण्याच्या हिंजवडीतली जेनोव्हा ही कंपनी ते बनवते.

1988 च्या आयसिस-2 चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या 17 हजारांहून अधिक रुग्णांना ॲस्पिरिन, स्ट्रेप्टोकायनेज, दोन्ही किंवा काहीच नाही, असं दिलं गेलं. दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे झालेले मृत्यू सुमारे 42 टक्क्यांनी कमी झाले. गुठळी जुनी होत जाते तसे फायब्रिनचे धागे आणखी घट्ट बांधले जातात, आणि पलीकडचा स्नायू मरत जातो. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत फायदा सगळ्यांत जास्त, बारा तासांनंतर जवळपास नाही. दोन तासांत अँजिओप्लास्टी होऊ शकणारं इस्पितळ गाठता येत असेल तर ती अधिक चांगली. दुर्गम भागात, घाटापलीकडे, जवळच्या रुग्णालयात मिळालेलं हे इंजेक्शन जीव वाचवतं.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली की 108 ला फोन करा. फोनवर विचारून, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर, 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घ्यायला सांगतात. चावून अशासाठी की ती लवकर शोषली जाते. पित्त समजून सोडा पीत बसू नका.

तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र घरी ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. अर्धांगवायू गुठळीनंही होतो आणि मेंदूत रक्तस्राव होऊनही, आणि बाहेरून फरक कळत नाही. सीटी स्कॅननंच कळतो. गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत औषध देता येतं. ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात, म्हणून ती वेळ घरच्यांनी लिहून ठेवावी. सीटी स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळातच न्या. ‘औषधानं मेंदूत रक्तस्राव होईल का?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. 1995 च्या अमेरिकेतल्या चाचणीत सुमारे 6 टक्के रुग्णांना तसा त्रास झाला. तरीही तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांवर उभे असलेले लोक औषध मिळालेल्यांतच जास्त होते. सहीसाठी अर्धा तास नातेवाइकांना फोन करण्यात घालवू नका. घरातला एक माणूस ठरवा आणि निर्णय घ्या.

पायरी 8: रोजच्या वागण्यात हे सांभाळा

अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ते असलेली कॉम्बिफ्लाम यांसारखी गोळी घेऊ नका. या गोळ्या जठराचं अस्तर दुखावतात आणि प्लेटलेट्सनाही अडवतात. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही दिवसेंदिवस भरपूर घेतलं तर एसिट्रोमच्या रुग्णाचा आयएनआर चढतो. अँटिकोॲग्युलंट घेणाऱ्यांनी कमरेत किंवा दंडाच्या स्नायूत इंजेक्शन घेण्याआधी गोळीबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर स्नायूत रक्त साचून मोठी गाठ होते. ताप आला की गावच्या दवाखान्यात ‘एक सुई मारून टाका’ म्हणायची सवय आहे, ती मोडावी लागेल. ब्रश मऊ वापरा. बाथरूममध्ये घसरू नये अशी सोय करा. ज्येष्ठांच्या बाबतीत पडण्याचं भय खरं असतं.

हिरड्यांतून थोडं रक्त, एखादा काळानिळा डाग, हे पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. काळी डांबरासारखी शौचाला होणं, लघवीत रक्त, दहा मिनिटं नाक चिमटून धरूनही न थांबणारा घोळणा, अचानक भयंकर डोकेदुखी, किंवा डोक्याला मार लागणं, मग वर जखम दिसो वा न दिसो, यासाठी त्याच वेळी इस्पितळ गाठा.

तिथे उतारा गोळीप्रमाणे बदलतो. एसिट्रोमसाठी व्हिटॅमिन के, पण त्याला काही तास लागतात, म्हणून रक्तस्राव मोठा असेल तर तयार फॅक्टर किंवा प्लाझ्मा देतात. हेपॅरिनसाठी प्रोटामिन, डॅबिगॅट्रानसाठी इडारुसिझुमॅब. ॲस्पिरिनला असा थेट उतारा नाही. रात्री दोन वाजता आणीबाणी विभागातला डॉक्टर पहिला प्रश्न ‘कोणती गोळी?’ आणि दुसरा ‘शेवटची कधी घेतली?’ असाच विचारतो. गोळीच्या पट्टीचा फोटो आज घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि औषधाचं नाव, डोस, कारण आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद रुग्णाच्या पाकिटात घाला.